एवढे मासे कोणी विकले?

आपल्या धर्मग्रामांतून मे महिन्यात मुलांसाठी शिबिरे भरतात. सकाळची प्रार्थना, गाणी, शुभवर्तमानातील गोष्टी, चित्रे रंगवणे आणि शेवटच्या दिवशी एखादा ‘धार्मिक’ चित्रपट, असा त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. हा चित्रपट कोण निवडतो आणि कोणत्या कसोटीवर निवडतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. पडद्यावर येशू दिसला की चित्रपट धार्मिक, आणि धार्मिक असला की तो मुलांना दाखवण्याजोगा, हे समीकरण आपण निमूटपणे मान्य करून टाकले आहे. ते एकदा तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखकाला ही संधी गेल्या उन्हाळ्यात मिळाली. रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरूडच्या रस्त्याला लागले की प्रथम कोर्लई येते आणि पुढे दहाबारा किलोमीटरवर काशीद. काशीदला आमच्या नातलगांची घरगुती खाणावळ आहे. महाविद्यालयाच्या सुट्टीत मी तिथे हाताखाली असतो. सकाळी कोर्लईच्या माउंट कार्मेल माउलीच्या चर्चमध्ये पंचवीस-तीस मुलांचा वर्ग घ्यायचा, दुपारी काशीदला परतून पाहुण्यांची ताटे मांडायची आणि रात्री सारे निजल्यावर सिनेमा पाहायचा, असे ते सहा आठवडे गेले. काशीदला चित्रपटगृह नाही. त्यासाठी तीसेक किलोमीटरवरचे अलिबाग गाठावे लागते. रविवारच्या मिस्सानंतर दोनतीन वेळा तेही केले. तिथे लागलेल्या मारधाडपटांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. पण त्यांतली मारामारी मुलांना पाठ असते, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही ‘दयासागर’ दाखवला. मूळ तेलुगू ‘करुणामयुडू’ हा चित्रपट १९७८ चा. दिग्दर्शक ए. भीमसिंग, आणि येशूच्या भूमिकेत विजयचंदर. अनेक भारतीय भाषांत त्याची रूपांतरे झाली, गावोगावी पडदे लावून तो दाखवला गेला आणि आजही दाखवला जातो. आपल्या आधीच्या पिढीतील कित्येकांनी पडद्यावर पाहिलेला पहिला ख्रिस्त हाच. तमिळ आणि हिंदी कौटुंबिक चित्रपटांत मुरलेल्या दिग्दर्शकाने ख्रिस्तकथा आपल्या पौराणिक चित्रपटांच्या वळणावर नेली. येशू इथे प्रेक्षकाला सामोरा येतो, जणू दर्शन देतो. भावना दाटली की गीत येते. क्रूसाच्या वाटेवरही गीत आहे. परदेशी ख्रिस्तपटांतील निळ्या डोळ्यांच्या, दूरस्थ येशूपेक्षा हा येशू आपल्या माणसांना जवळचा वाटला, यात नवल नाही. हे श्रेय त्या चित्रपटाला मोकळेपणाने दिले पाहिजे.

परंतु दर्शनाची एक मर्यादा असते. दर्शन घेणारा हात जोडतो आणि त्याचे काम संपते. धाकट्या मुलांनी चमत्कारांच्या प्रसंगी टाळ्या वाजवल्या, फटक्यांच्या प्रसंगी डोळ्यांवर हात घेतले आणि पुनरुत्थान झाल्यावर ती निश्चिंतपणे झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवारात पोहोचलो तेव्हा आठ-दहा मुलगे दोरीचा चाबूक करून ‘रोमन शिपाई’ खेळत होते. शिपाई व्हायला सगळे तयार होते, येशू व्हायला कोणीच तयार नव्हता. म्हणून तो मान सर्वांत धाकट्याच्या गळ्यात पडला होता आणि तो रडकुंडीला आला होता. मुले क्रूर होती असे मुळीच नाही. पडद्यावर ज्याच्या हातात हालचाल होती, त्याच्याकडे ती ओढली गेली, इतकेच. अलिबागच्या पडद्यावर आणि खाणावळीत उतरणाऱ्या पर्यटकांच्या मोबाइलवर त्यांनी जी मारामारी पाहिली होती, तिच्याच ओळीत हा चाबूकही जाऊन बसला. वेदनेचे दृश्य जितके ठळक, तितकी त्यामागची करुणा मुलांना स्पष्ट कळेल, असे आपण गृहीत धरतो. ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ (२००४) आला तेव्हा त्याच्या बाजूने हाच युक्तिवाद केला गेला होता. त्या सकाळच्या दोरीनंतर मला तो पटेनासा झाला आहे.

नंतर आम्ही १९७९ चा ‘जीझस’ मराठी ध्वनिफितीसह दाखवला. हा लूककृत शुभवर्तमानावर बेतलेला आहे आणि जगात सर्वाधिक भाषांत गेलेला चित्रपट म्हणून ओळखला जातो. त्याचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. शुभवर्तमानातील शब्दांशी तो इतका एकनिष्ठ राहतो की चित्रपट म्हणून त्याला स्वतःचे म्हणणे उरत नाही. एखादा वाचक संथपणे वाचत आहे आणि दुसरा कोणी चित्रे उलटत आहे, असे वाटत राहते. मुले चुळबुळ करू लागली. पण शिमोनाच्या होडीचा प्रसंग आला आणि ती ताठ बसली. कोर्लईला कोळीवाडा आहे. या मुलांतली बहुतेक शेती-मजुरी करणाऱ्या घरांतली असली तरी जाळे, होडी आणि मासळीचा भाव त्यांना चांगला ठाऊक असतो. रात्रभर काही न मिळालेल्या माणसांची जाळी फाटेस्तोवर भरतात आणि तीच माणसे होड्या किनाऱ्याला लावून, सर्व सोडून येशूच्या मागे जातात. चित्रपट थांबवून काही विचारायचे आहे का, असे मी म्हटले. एक मुलगी उठून म्हणाली, “दादा, मग एवढे मासे कोणी विकले?”

हा प्रश्न भाबडा समजून हसण्यावारी नेता येतो. मला मात्र तो त्या उन्हाळ्यातला सर्वांत गंभीर समीक्षात्मक प्रश्न वाटतो. पाचारणाची किंमत कोणीतरी मोजत असते. मागे घरी बायका असतात, वडील असतात, पकड सडण्याआधी बाजारात पोहोचवायची असते. मार्क सांगतो की याकोब आणि योहान यांनी बाप जब्दीला नोकरांसह होडीतच सोडले. लूक या बाबतीत गप्प आहे, आणि चित्रपट लूकच्याही पुढे जाऊन त्या शांततेवर संगीत पसरतो. मुलीने नेमके त्या संगीताखाली काय दडले आहे ते विचारले. चांगल्या चित्रपटाने हा प्रश्न तिच्या आधी विचारायला हवा होता.

सिनेमाकडे पाहण्याची आपल्या ख्रिस्तसभेची दृष्टीही काळानुसार बदलत आली आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली ‘विजिलांती कुरा’ या विश्वपत्रात श्रद्धावंतांकडून दरवर्षी वाईट चित्रपट न पाहण्याचे वचन घ्यावे, आणि देशोदेशी चित्रपटांची वर्गवारी करून ती प्रसिद्ध करावी, असे सुचवले. त्या काळचा भर मुख्यतः राखणीवर होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सूर पालटला. १९९५ मध्ये, सिनेमाच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने पंचेचाळीस चित्रपटांची यादी काढली, ती तर प्रेक्षकाला चक्क आमंत्रण देणारी होती. तिचे विभाग तीन: धर्म, मूल्ये आणि कला. धर्म विभागात झेक्काचा ख्रिस्तावरील जुना मूकपट आहे आणि पासोलिनीचा ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ही आहे. मूल्ये विभागात ‘बायसिकल थीव्ज’ आहे. गांधीजींवरील अ‍ॅटनबरोंचा चित्रपट आहे, पण भारतीय दिग्दर्शकाचा एकही नाही. सत्यजित राय यांचे नाव नसावे, याची रुखरुख आजही वाटते. तथापि या यादीतील एक गोष्ट आपण अजून पचवलेली नाही. ज्यात येशू मुळीच दिसत नाही असे चित्रपट तिथे बहुसंख्य आहेत.

पासोलिनी स्वतःला मार्क्सवादी आणि अश्रद्ध म्हणवत असे. १९६४ च्या या चित्रपटात त्याने व्यावसायिक नटांना दूर ठेवले. येशूच्या भूमिकेसाठी एक स्पॅनिश विद्यार्थी घेतला आणि वृद्ध मरियेच्या भूमिकेत स्वतःची आई उभी केली. मी तो काशीदला रात्री एकट्याने पाहिला. यातला येशू चालता चालता बोलतो, भरभर बोलतो, मागून येणाऱ्यांसाठी थांबत नाही. मुलांना त्यातला शिष्यांच्या पाचारणाचा दहा मिनिटांचा भागच दाखवला आणि मराठीत सांगत गेलो. “ही माणसे चित्रपटातली वाटत नाहीत,” असे एकजण म्हणाला. याहून मोठी पावती पासोलिनीला कोणत्या समीक्षकाने दिली असेल, असे वाटत नाही. तरीही हा चित्रपट लहानांसाठी नाही. त्यांना तो अखंड दाखवण्याचा अट्टाहास कोणी करू नये.

मग मुलांना दाखवावे तरी काय? माझ्या मते उत्तर मराठी चित्रपटात, हाताच्या अंतरावर आहे. शिबिराच्या चौथ्या आठवड्यात सहलीच्या निमित्ताने मुलांना काशीदला आणले. किनाऱ्यावरची सुरूची झाडे २०२० च्या जूनमधील निसर्ग चक्रीवादळाने बरीच कोसळली. जी उरली आहेत त्यांच्या सावलीत दिवस गेला, आणि संध्याकाळी खाणावळीच्या अंगणात चादर ताणून अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ लावला.

२०१५ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला आदल्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी स्फटिक अस्वल दिले होते. मुलांनी मुलांसाठी निवडलेला चित्रपट, ही त्याची पहिली शिफारस. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणातल्या लहान गावी आलेला चिन्मय, त्याला मिळालेले वात्रट मित्र, आणि त्यांच्यात सर्वांत वात्रट बंड्या. एके दिवशी सगळे सायकलींवरून किल्ल्यावर जातात. पाऊस कोसळू लागतो, आणि इतर जण चिन्मयला मागे टाकून निघून जातात. कथानकातली मोठी घटना म्हणावी तर एवढीच. तिच्यानंतर चित्रपट चिन्मयच्या रागाला जितका वेळ देतो, तितका क्वचितच कोणी मुलाच्या रागाला दिला असेल. तो बोलत नाही. मित्र हाक मारतात, तो वळत नाही. कोणी वडीलधारा येऊन क्षमेचे प्रवचन करीत नाही. आईवरही कचेरीत दडपण येते आहे, तीही एकटी आहे, आणि दोघे एकाच घरात आपापले ओझे वाहत असतात. दुरावा सरतो तेव्हा तो कोणी उपदेश केला म्हणून सरत नाही. चिन्मय आतून हलतो म्हणून सरतो, आणि तोवर आईची पुन्हा बदली झालेली असते.

कोर्लईची मुले पोर्तुगीजांनी बांधलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशी वाढतात. ओल्या तटावर एकटे सापडणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. पण मला लक्षणीय वाटले ते निराळेच. दोरीचा चाबूक ज्याने केला होता तो मुलगा चित्रपट संपल्यावर बराच वेळ बंड्याची बाजू घेऊन भांडत राहिला. “पाऊस आला म्हणून ते पळाले, मुद्दाम नाही सोडला.” दुसरा म्हणाला, “पण परत का नाही आले?” पेत्राच्या नाकारण्यावर मी दोन सकाळी खर्च केल्या होत्या. तेव्हा कोणी असे भांडले नव्हते. इथे मुलांना येशूचे नाव न घेता पेत्राच्या अंगणात उभे राहावे लागले, आणि कोंबडा आरवण्याची वाट पाहावी लागली.

परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) याच जातीचा, पण हसरा. पंढरपूरच्या एका घरात वारलेल्या वडिलांनी मुलांसाठी बनवलेली सायकल आहे, तिचे नाव एलिझाबेथ. कर्जापायी आईचे स्वेटर विणण्याचे यंत्र जप्त होते, सायकल विकण्याची वेळ येते, आणि ज्ञानेश व झेंडू ही भावंडे कार्तिकी एकादशीच्या गर्दीत आईच्या नकळत बांगड्यांचे दुकान मांडतात. न्यूटनला संतांच्या पंगतीत बसवणारा हा मुलगा आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आला असता तर आपण त्याचे काय केले असते, असा खट्याळ विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. दुसऱ्याच्या तीर्थक्षेत्रातली गोष्ट आपल्या मुलांना कशाला, असे एका पालकांनी विचारले. त्यांचा आक्षेप मला मान्य नाही, पण एका मुलाचा आक्षेप जड होता. “आईशी खोटे बोलले ना ते? मग ते पाप.” दहा आज्ञांचा तक्ता भिंतीवर होता. एका बाजूला मातापित्यांचा मान राखणे आणि दुसऱ्या बाजूला त्याच मानापायी आईपासून काही लपवणे, या पेचातून तक्ता वाट दाखवत नव्हता. मुले पाऊण तास वाद घालत होती. मोकाशी यांचा चित्रपट शेवट गोड करून हा पेच सैल सोडतो, ही माझ्या मते त्याची उणीव आहे. ‘किल्ला’ ती तडजोड करीत नाही.

इथे फाळके आठवतात. १९१० च्या सुमारास मुंबईच्या एका चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला, आणि तो पाहताना डोळ्यांसमोर राम-कृष्ण, गोकुळ-अयोध्या उभे राहिल्याचे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवले. त्यातूनच १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ जन्मला. मोकाशी यांच्याच ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटात हा प्रसंग आला आहे. आपल्या समाजात ही हकिकत अभिमानाने सांगितली जाते, जणू भारतीय सिनेमाचा नामकरणविधी आपल्याच दारी झाला. पण तिचा अर्थ नीट पाहावा. पडद्यावर ख्रिस्त होता आणि पाहणाऱ्याने पाहिले ते त्याचे स्वतःचे दैवत. चित्र काय दाखवते एवढ्यावर ते काय करील हे ठरत नाही. तसे असेल तर पंढरपूरच्या सायकलीतून कोर्लईच्या मुलाला चौथी आज्ञा का भेटू नये?

येशूने लोकांना शिकवताना दृष्टांत वापरले, याचा आपल्याला सरावाने विसर पडतो. शेतकरी, हरवलेले नाणे, दोन मुलगे असलेला बाप. त्या गोष्टींत देवाचे नाव बहुधा नसतेच. ऐकणाऱ्याला आधी गोष्ट घडते आणि मग, घडलीच तर, ओळख पटते. येशूवरील चित्रपट मुलांना उत्तर आधी देतात. त्यांत खलनायक कोण आणि शेवट काय हे पहिल्या चौकटीपासून ठाऊक असते. ‘किल्ला’ची बांधणी दृष्टांताची आहे, आणि शिबिराच्या पडद्यावर त्याचा हक्क म्हणूनच मला अधिक वाटतो.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) दाखवावा की नाही, यावर आम्हा शिकवणाऱ्यांत मतभेद झाले. ‘श्यामची आई’नंतर राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवणारा हा मराठी चित्रपट. कर्करोगामुळे नातवाचे डोळे काढावे लागणार, आणि शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला जग पाहून घ्यायला घेऊन जातात. मी आग्रह धरला आणि मोठ्या मुलांपुरता तो दाखवला गेला. त्या गटात एक मुलगी होती, तिची आई त्या महिन्यात मुंबईला रुग्णालयात होती. यरीहोच्या आंधळ्याची गोष्ट तिने आदल्याच आठवड्यात रंगवली होती. “त्याला दिसायला लागले, मग याला का नाही?” असे तिने विचारले. ‘दयासागर’मध्ये आंधळ्याला दृष्टी यायला काही क्षण लागतात आणि मुले टाळ्या वाजवतात. ‘श्वास’मध्ये आजोबांची सगळी माया पणाला लागूनही दृष्टी जाते, आणि चित्रपट त्या मायेला वाया गेलेली म्हणत नाही. मी त्या मुलीला तोडून उत्तर दिले नाही. चित्रपटातही कोणी देत नाही. आम्ही दोघे चर्चच्या पायरीवर बसलो, आजोबांनी त्या दिवशी नातवाला काय काय दाखवले असेल याची ती आठवून यादी करत होती, आणि मग तिने आईला काय दाखवायचे त्याची दुसरी यादी सुरू केली.

एक गोष्ट राहते, ती भाषेची. ही मुले शाळेत आणि चर्चमध्ये मराठी बोलतात, पण घरी त्यांची बोली वेगळी आहे. पोर्तुगीज आणि मराठीच्या सहवासातून घडलेली ती बोली, १७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल सोडल्यावरही, या एका गावात हजाराच्या आसपास माणसांच्या तोंडी टिकली. क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. ‘जीझस’ची ध्वनिफीत दोन हजारांहून अधिक भाषांत निघाली असे सांगतात. मुलांना मी ते सांगितले तेव्हा त्यांनी आपली बोली त्यांत आहे का, असे लगेच विचारले.

म्हणून शेवटच्या दिवशी पडदा लावलाच नाही. मुलांना किल्ल्यावर नेले आणि उधळ्या पुत्राचा दृष्टांत घरच्या बोलीत करायला सांगितला. सूचना काही दिली नाही. धाकटा मुलगा काशीदला पर्यटकांच्या घोड्यांमागे पळून पैसे उडवणारा झाला, वासराच्या जागी कोंबडी आली. मोठ्या भावाचे काम चाबूकवाल्या मुलाने मागून घेतले. बाप बाहेर येऊन त्याला आत बोलावतो, तिथे दृष्टांत थांबतो. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. मुले तिथेच अडली. तो दारातच उभा राहिला, बाप दोनतीन वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि आतली मंडळी जेवण थंड होतेय म्हणून ओरडू लागली.